ओलं सरपण आणि बीटा-अरेस्टिन



आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. ज्यांचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, त्यांनी पेशीतल्या एका प्रथिनाबद्दल काय बोलावं? उत्तर साधं आहे. ते प्रथिन काय करतं हे शास्त्रज्ञांनी सांगायचं, आणि आम्हीही ते त्यांच्याकडूनच शिकलो. पण 'अमुक कारणामुळे तमुक घडतं' असं कोणी म्हटलं, की ते विधान आमच्या अंगणात येतं. कार्यकारणाचा दावा कुठल्याही शास्त्राचा असो, तो पारखायची हत्यारं फारशी वेगळी नसतात.

बीटा-अरेस्टिनबद्दल सुमारे वीस वर्षं एक गोष्ट मोठ्या विश्वासाने सांगितली गेली. मॉर्फिनचा गुण एका वाटेने येतो आणि दोष दुसऱ्या वाटेने. दोषाची वाट बंद केली की निर्धोक वेदनाशामक हाती लागेल, अशी ती गोष्ट. आज आपण तिची समीक्षा करणार आहोत.

आधी पाया नीट घालून घेऊ. आपल्या पेशींच्या आवरणात संदेश झेलणारी प्रथिनं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. त्यांतलं सर्वांत मोठं घराणं म्हणजे जी-प्रथिनाशी जोडलेले रिसेप्टर. माणसात अशी सुमारे आठशे जनुकं आहेत, आणि मान्यताप्राप्त औषधांपैकी जवळजवळ एक तृतीयांश औषधं याच घराण्यावर काम करतात. बाहेरून ॲड्रेनलिन किंवा मॉर्फिन येऊन चिकटलं की रिसेप्टरचा आकार थोडा बदलतो. मग तो आतल्या बाजूच्या जी-प्रथिनाला जागं करतो आणि संदेश पेशीत पुढे जातो.

आता सुरू झालेला संदेश थांबवायलाही कोणीतरी हवं ना? ते काम अरेस्टिनचं. जागृत रिसेप्टरच्या शेपटीवर काही एन्झाइमं फॉस्फेटचे ठिपके लावतात. त्या ठिपक्यांवर अरेस्टिन येऊन बसतं आणि जी-प्रथिनाची जागा अडवतं. नावातच अर्थ आहे: अरेस्ट, म्हणजे अटकाव. हे प्रथिन आधी डोळ्यात ओळखलं गेलं, प्रकाश टिपणाऱ्या पेशींमध्ये. त्याचाच एक भाऊबंद बीटा-ॲड्रेनर्जिक रिसेप्टर थांबवतो असं १९९० मध्ये रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या गटाने दाखवलं, म्हणून तो बीटा-अरेस्टिन. सस्तन प्राण्यांत अरेस्टिन चार: दोन डोळ्यातली आणि दोन सर्व शरीरभर पसरलेली बीटा-अरेस्टिनं. याच रिसेप्टरांच्या अभ्यासासाठी लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

अटकाव झाला नाही तर काय होतं, हे डोळ्यात फार स्वच्छ दिसतं. चूता ओगुची या जपानी नेत्रतज्ज्ञांनी १९०७ मध्ये रातांधळेपणाचा एक विशिष्ट प्रकार नोंदवला. त्यातल्या अनेक रुग्णांमध्ये डोळ्यातल्या अरेस्टिनचं जनुक बिघडलेलं असतं, हे १९९५ मध्ये कळलं. या माणसाला अंधारात लगेच दिसत नाही. कित्येक तास अंधारात काढल्यावर दिसू लागतं. कारण दिवसाच्या उजेडाने सुरू झालेला संदेश थांबवणारं कोणी नाही. प्रकाश गेला, पण पेशीच्या लेखी तो अजून आहेच. अभावावरून कारण ओळखण्याचं इतकं चोख उदाहरण क्वचित सापडतं.

पण अरेस्टिनची गोष्ट अटकावापाशी संपली नाही. हेच प्रथिन रिसेप्टरला पेशीच्या आत ओढून नेण्याच्या यंत्रणेशी जोडतं, हे १९९६ मध्ये दिसलं. १९९९ मध्ये असं दाखवलं गेलं, की ते इतर प्रथिनांना रिसेप्टरजवळ आणून बसवतं आणि त्यातून स्वतंत्र संदेश निघू शकतो. म्हणजे दार लावणारा पहारेकरी निरोपही पोचवतो. इथून 'दोन वाटा' ही भाषा रूढ झाली. एक जी-प्रथिनाची वाट, दुसरी अरेस्टिनची. आणि एखादं औषध दोन्हींपैकी एकाच वाटेला झुकत असेल तर ते 'पक्षपाती' औषध. कल्पना देखणी आहे, यात वाद नाही.

त्याच १९९९ मध्ये लॉरा बोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मॉर्फिनवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या उंदरांमध्ये बीटा-अरेस्टिन-२ चं जनुकच काढून टाकलं होतं, त्यांना मॉर्फिन दिल्यावर वेदनाशमन जास्त झालं आणि जास्त वेळ टिकलं. पुढच्या वर्षी दिसलं की असे उंदीर मॉर्फिनला तितके सरावतही नाहीत. २००५ मध्ये त्याच दिशेचा आणखी एक निष्कर्ष आला: या उंदरांमध्ये बद्धकोष्ठ कमी आणि श्वास मंदावणंही कमी.

ही शेवटची गोष्ट लहान नाही. मॉर्फिन जातीच्या औषधांचा अतिरेक झाला की माणूस श्वास थांबून मरतो. अमेरिकेत ओपिऑइडांनी लाखो जीव घेतले, ते मुख्यतः असेच. आणि याच औषधांच्या धास्तीची दुसरी बाजू आपल्याकडे आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर कर्करोगाने तळमळणाऱ्या माणसापर्यंत मॉर्फिन पोचणं इतकं अवघड झालं, की २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. तेव्हा वेदना शमवेल पण श्वास रोखणार नाही असं औषध मिळालं, तर किती घरांचा प्रश्न सुटेल, याचा विचार करा. ती आशा खरी होती. म्हणूनच तिच्यामागचा तर्क कसून तपासायला हवा होता.

तर्क काय होता? अरेस्टिन काढलं, दुष्परिणाम घटले. म्हणून दुष्परिणामांचं कारण अरेस्टिन. न्यायशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक असे दोन शब्द आहेत. हे असेल तेव्हा ते असतं, हा अन्वय. हे नसेल तेव्हा ते नसतं, हा व्यतिरेक. जनुक काढलेला उंदीर म्हणजे व्यतिरेकाचा प्रयोग. पण हा व्यतिरेक तितका निर्मळ नव्हता. जन्मापासून एक प्रथिन नसलेलं शरीर बाकीची घडी आपापल्या परीने बसवून घेतं, त्यामुळे दोन उंदरांमध्ये फक्त एकाच गोष्टीचा फरक आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. शिवाय असा निष्कर्ष दुसऱ्यांच्या हातूनही पुन्हा निघायला हवा.

तो निघाला नाही. जर्मनीतलं येना, इंग्लंडमधलं ब्रिस्टल आणि ऑस्ट्रेलियातलं सिडनी, अशा तीन ठिकाणच्या प्रयोगशाळांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि २०२० मध्ये एकत्रित उत्तर दिलं: बीटा-अरेस्टिन-२ नसलेल्या उंदरांमध्येही मॉर्फिनने श्वास मंदावतोच. त्याच्या आदल्या वर्षी दुसरा पुरावा आला होता. त्यात मॉर्फिनच्या रिसेप्टरची शेपटीच अशी बदलली होती, की तिच्यावर फॉस्फेट बसू नये आणि अरेस्टिन येऊ नये. या उंदरांमध्ये वेदनाशमन वाढलं, सरावणं कमी झालं, इथवर जुनी गोष्ट बरोबर. पण श्वास मंदावणं आणि बद्धकोष्ठ घटले नाहीत, उलट बळावले. विचार केला तर यात नवल नाही. मेंदूच्या तळाशी श्वासाची लय राखणाऱ्या पेशी आहेत. मॉर्फिनमुळे जी-प्रथिन पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतं, आणि त्या पेशी शांत होतात. म्हणजे श्वासही बऱ्याच अंशी त्या 'चांगल्या' वाटेनेच रोखला जातो.

मग प्रश्न उरतो. 'पक्षपाती' म्हणून बनवलेल्या काही औषधांमध्ये दुष्परिणाम थोडे कमी दिसत होते, ते कशामुळे? इथे अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त येणारं एक जुनं उदाहरण आठवा. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. उलट बाजूने, अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे अनुमान फसतं. तापून लाल झालेल्या लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. धुराला लागतं ओलं सरपण. या लपून राहिलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. तिची ओळख अशी: जिथे जिथे फळ आहे तिथे ती सापडते, पण जिथे जिथे आपण दिलेलं कारण आहे तिथे ती सापडेलच असं नाही.

अरेस्टिनच्या गोष्टीतलं ओलं सरपण कोणतं? २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांच्या पुढाकाराने अशी अनेक औषधं एकाच मापाने मोजली गेली, आणि निष्कर्ष निघाला की यांचा समान गुण म्हणजे कमी जोर. रिसेप्टर पूर्ण ताकदीने जागा करणं यांना जमतच नाही. जोर कमी म्हणून दुष्परिणाम कमी. ब्युप्रेनॉर्फिन हे जुनं औषध असंच आहे. त्याने श्वास मंदावतो, पण एका मर्यादेपलीकडे सहसा जात नाही, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक आहे. आता उपाधीची कसोटी लावा. दुष्परिणाम कमी असलेल्या या औषधांत कमी जोर सापडतो. आणि शेपटी बदललेल्या त्या उंदरात? तिथे पक्षपात पुरेपूर आहे, जोर मात्र कमी झालेला नाही. आणि दुष्परिणाम जसेच्या तसे, किंबहुना जास्त. कसोटी नेमकी बसते.

हा घोटाळा इतकी वर्षं लक्षात का आला नाही, तेही सांगायला हवं. समजा, दोन सभागृहं आहेत. एकात ध्वनिक्षेपक आहे, दुसऱ्यात नाही. हळू आवाजाचा वक्ता पहिल्या सभागृहात ऐकू येईल, दुसऱ्यात येणार नाही. यावरून वक्ता पहिल्या सभागृहाला झुकलेला आहे असं म्हणाल का? प्रयोगशाळेत नेमकं हेच होत होतं. जी-प्रथिनाचा संदेश मोजण्याच्या पद्धतींत तो वाटेत वाढत जातो. अरेस्टिन रिसेप्टरपाशी आलं की नाही, हे मोजताना अशी वाढ नसते. त्यामुळे कमकुवत औषध एका मापात दिसलं, दुसऱ्यात दिसलं नाही. आणि त्याला 'पक्षपाती' हे नाव मिळालं. आवाजच हळू आहे का, हा प्रश्न मागे पडला.

या गोष्टीतून निघालेलं सर्वांत प्रसिद्ध औषध म्हणजे ऑलिसेरिडीन. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०१८ मध्ये ८ विरुद्ध ७ मतांनी त्याच्या विरोधात कौल दिला. ऑगस्ट २०२० मध्ये त्याला मान्यता मिळाली, ती रुग्णालयासारख्या देखरेखीच्या ठिकाणी शिरेतून देण्यापुरती. आणि त्याच्या माहितीपत्रकावर, चौकटीत, इतर ओपिऑइडांसारखाच इशारा आहे: व्यसन लागू शकतं, श्वास जीवघेणा मंदावू शकतो. औषध निरुपयोगी आहे असं आमचं म्हणणं नाही, वेदना ते शमवतं. पण ज्या तर्कावर ते उभं राहिलं, त्या तर्काने दिलेलं वचन त्या चौकटीत मोडलेलं दिसतं. हृदयाच्या बाबतीतही एक धडा आहे. अँजिओटेन्सिनच्या रिसेप्टरवर अरेस्टिनच्या बाजूने झुकणारं एक औषध तीव्र हृदयविकारात दिलं गेलं. २०१७ मध्ये निकाल आला, की रुग्णांना फायदा दिसला नाही.

दुसरी बाजूही मांडायला हवी. सगळं खोटं ठरलं, असं म्हणणं ही पहिल्याइतकीच घाईची गोष्ट होईल. अरेस्टिन संदेश थांबवतं, रिसेप्टर आत नेतं, मॉर्फिनला सरावण्यात त्याचा वाटा आहे, हे टिकून आहे. ते एकट्याने संदेश देऊ शकतं का, यावर मात्र खडाजंगी चालू आहे. २०१८ मध्ये एका गटाने पेशीतली सगळी जी-प्रथिनं निष्क्रिय केली, तेव्हा अरेस्टिनला एकट्याने तो गाजलेला संदेश उठवता आला नाही. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवलं, की अरेस्टिन काढलेल्या वेगवेगळ्या पेशी वेगवेगळं वागतात, म्हणून एकाच जातीच्या पेशीवरून सरसकट निकाल देऊ नये. पक्षपातामुळेच औषध सुरक्षित होतं असं मानणारे संशोधकही आहेत, आणि त्यांच्याकडे त्यांची आकडेवारी आहे. आपल्याकडे कानपूरच्या आयआयटीत अरुण शुक्ला यांचा गट अरेस्टिन रिसेप्टरला नेमकं कसं धरतं, हे अणूंच्या पातळीवर पाहतो आहे. या कामातून 'दोन वाटा' या चित्रापेक्षा गुंतागुंतीचं, पण जास्त खरं चित्र तयार होईल असं वाटतं.

आमची तक्रार आहे ती चित्राच्या भाषेबद्दल. अटकाव, पक्षपात, चांगली वाट, वाईट वाट हे माणसांच्या व्यवहारातले, नीतीतले शब्द आहेत. ते प्रथिनाला लावले की ऐकणाऱ्याच्या मनात निवाडा आधी होतो, पुरावा मागून येतो. एकदा अरेस्टिन आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिलं, की बाकीच्यांची झडती घ्यायचं कोणाला सुचत नाही. पेशीला गुणदोष ठाऊक नाहीत. त्याच पोटॅशियमच्या वाहिन्या वेदनेचा निरोप वाहणारी पेशी शांत करतात आणि श्वासाची लय धरणारी पेशीही शांत करतात. गुण आणि दोष हे आपण, रुग्णाच्या उशाशी बसून, ठरवतो.

या समीक्षेचं श्रेय आमचं नाही, हेही शेवटी सांगतो. ही चूक न्यायशास्त्र शिकलेल्यांनी पकडली नाही. त्याच क्षेत्रातल्या लोकांनी उंदीर पुन्हा घेतले, मापं पुन्हा लावली आणि पकडली. आम्ही फक्त त्यांनी जे केलं त्याला एक जुनं नाव दिलं. नाव माहीत असल्याचा फायदा एवढाच, की पुढच्या वेळी 'हे काढलं, ते घटलं' असं वर्तमानपत्रात वाचलं, तर ओलं सरपण कुठे आहे असं विचारायची सवय लागेल. मधुमेहाच्या, मेंदूच्या, आतड्यातल्या जंतूंच्या कितीतरी गोष्टी सध्या याच सुरात सांगितल्या जात आहेत.

वेळ झाली, इथे थांबतो. उपाधीच्या लक्षणावर मागे काहींनी शंका विचारल्या होत्या. त्यांना आजच्या उदाहरणातून वाट मिळाली का, ते जरूर कळवा.