आस सुटल्यावरची हाक

कळमेश्वर तालुक्यातील धापेवाड्याला विदर्भाची पंढरी म्हणतात. तिथे चंद्रभागा नावाचीच नदी आहे आणि काठी विठ्ठल-रखुमाई आहेत. या भागात बहुतेक भजनी मंडळांत कान्होपात्रेचा तो प्रसिद्ध करुणेचा अभंग म्हटला जातो. पुष्कळदा तो अडचणीतच म्हटला जातो. फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीत मृगाची संत्री आणि आंबियाचा फुलोरा दोन्ही एका रात्रीत झडतात, तेव्हा या अभंगाला वेगळाच स्वर लागतो.

पण याच अभंगावर निरूपण करताना एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘कान्होपात्रेने मनापासून हाक मारली, देव धावून आला, तुमची हाक मनापासून असेल तर तुमचेही संकट टळेल.’ हे ऐकून ज्याचे संकट टळले नाही त्याने घरी जाऊन काय समजायचे? आपली भक्तीच खोटी होती असे? कर्जाच्या वर हे आणखी एक ओझे. अभंगात असे वचन कुठेही नाही, म्हणून हा विषय मांडतो.

कथा सर्वांना ठाऊक आहे. मंगळवेढ्याच्या शामा गणिकेची ही मुलगी, 15व्या शतकातील. बिदरच्या बादशहाने तिला आणायला माणसे धाडली. शेवटचे दर्शन घेते म्हणून ती राउळात गेली आणि विठ्ठलाच्या पायाशी तिचा प्राण गेला. शिपाई आंधळे झाले नाहीत, बादशहाचे मन पालटले नाही. जगाच्या हिशेबाने ती वाचली नाही.

आता अभंग पाहा. पहिली गोष्ट, त्यात शत्रूचे नाव नाही. बिदर नाही, बादशहा नाही, कुणाचे वाईट व्हावे अशी मागणी नाही. आहे ते वाघाच्या तोंडी सापडलेले हरिणीचे पाडस. वाघ कोण ते सांगितलेले नाही, म्हणून ज्याच्या दारात जो वाघ उभा असेल तो तिथे बसतो. दुसरी गोष्ट, सुरुवातच तक्रारीने होते. अंत पाहणे हा शब्दप्रयोग परक्याशी बोलताना कुणी वापरत नाही. तो आई लेकराशी किंवा लेकरू आईशीच वापरते. पुढे ती विठ्ठलाला आईच म्हणते, तेव्हा तो सूर आधीच लागलेला असतो. प्रार्थना नम्रच असावी असे आपण मुलांना शिकवतो. कान्होपात्रा तसे मानत नाही.

माझ्या मते सगळा अभंग शेवटच्या चरणावर उभा आहे. तिथे ती म्हणते की आस मोकळी सोडली, मन उदास झाले. काही निरूपणकार याचा अर्थ ‘संसाराची आस सोडली’ असा वैराग्याकडे लावतात. तोही लागतो, पण वाघाने धरलेले पाडस वैराग्य सांगत नसते. इथे सुटकेचीच आशा संपली आहे, आणि तरी हाक थांबलेली नाही. आशा आणि विश्वास आपण एकच धरतो. इथे पहिली संपलेली आहे आणि दुसरा शिल्लक आहे. म्हणूनच मागणेही बदलते : मला सोडव असे न म्हणता ती मला तुझ्या हृदयात घे म्हणते. असे मागणे गारपिटीनंतरही मागता येते, आणि ते पुरे झाले की नाही हे पंचनाम्यावर ठरत नाही.

1931 साली ‘संगीत कान्होपात्रा’ रंगभूमीवर आले आणि बालगंधर्वांच्या गळ्यातून हा अभंग वारीत न गेलेल्या घरांतही पोहोचला. ते मोठेच काम झाले. मात्र गोड चालीची सवय लागली की शब्दांकडे कान जरा कमी जातो.

आपल्याकडे भजनात धृपद चार-चार वेळा घोळवतात आणि नाममुद्रा आली की मृदंग चढतो, टाळ चढतात, शेवटचा चरण गजरात विरून जातो. धापेवाड्याच्या यात्रेत म्हणणाऱ्या मंडळींना एवढीच विनंती, की त्या चरणापाशी लय थोडी धरून ठेवावी. मांडवात मागे बसलेल्या कुणाला तेवढाच ऐकायचा असतो.