रणांगणाचे शब्द आणि आपले ऐतिहासिक लेखन

परदेशीपुऱ्यातील आमच्या वाचन-मंडळात गेल्या पावसाळ्यात होळकरशाहीवरील कथा-कादंबऱ्यांचे वाचन झाले. भाषा ओजस्वी, प्रसंग रोमहर्षक. तरीही एक उणीव आम्हांस सतत जाणवली. तलवारीच्या मुठीवरील नक्षी आपले लेखक बारकाईने रंगवितात. परंतु ती तलवार घेणारे सैन्य कोणत्या विचाराने लढत होते, हे सांगताना त्यांचे शब्द सैल पडतात. अनेक पलटणी आणि त्यांचा तोफखाना मिळून होणारा कंपू व एकटी पलटण यांत भेद उरत नाही. आणि ‘गनिमी कावा’ म्हणजे निव्वळ फसवणूक ठरते.

शासकीय सेवेत आयुष्य गेल्याने अधिनियम, नियम आणि परिपत्रक यांतील अंतर आमच्या अंगवळणी पडले आहे. लष्करी विचारातही अशा पायऱ्या असतात. आपण कसे लढतो, याविषयीची सैन्याची मुरलेली धारणा म्हणजे युद्धसिद्धांत. एखाद्या युद्धातील साध्य व साधने यांची जुळणी म्हणजे रणनीती. आणि मैदानावरील प्रत्यक्ष चाली म्हणजे डावपेच. गनिमी कावा हा यांपैकी पहिल्या पायरीवरचा शब्द आहे. हलके घोडदळ, बेताचे सामान, शत्रूची रसद तोडणे, गैरसोयीच्या जागी लढाई टाळणे, हे सारे त्यात येते. माघार हाही त्या लढण्याचाच एक भाग.

हा भेद विसरल्याने काय घडते, हे इंदूरच्या वाचकास वेगळे सांगावयास नको. १४ जानेवारी १७६१ रोजी सुभेदार मल्हारराव होळकर पानिपताचे रणांगण सोडून निघाले. एवढ्यावरून त्यांस दोषी ठरविणारे लेखन विपुल आहे, आणि त्यांचा कैवार घेणारे लेखनही तितकेच भावनाविवश. बुणगे मागे ठेवून गनिमी पद्धतीने लढावे, असा सुभेदारांचा आग्रह होता, असे बखरी सांगतात. भाऊसाहेबांची भिस्त मात्र इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर आणि कवायती पायदळावर होती. गोल बांधून लढावयाचे, तर कोणी जागा सोडता कामा नये. मराठी घोडदळाचा पिंड धावून जाण्याचा व प्रसंगी निसटण्याचा. विंचूरकर व गायकवाड यांची पथके गोल मोडून पुढे धावली आणि गारद्यांच्या तोफांना आड आली. एकाच सैन्यात दोन सिद्धांत नांदत होते. ही त्या दिवसाची खरी शोकांतिका. सुभेदारांना निर्दोष ठरविण्याचा आमचा हेतू नाही. आरोप करणाऱ्याने आधी प्रश्न नीट मांडावा, एवढेच म्हणणे आहे.

होळकरांच्याच घरात या प्रश्नाचा पुढचा अध्याय आहे. १८०२ साली हडपसरच्या लढाईत यशवंतरावांनी कवायती पलटणी वापरल्या. पण १८०४ च्या पावसाळ्यात कर्नल मॉन्सनला मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत मागे रेटताना घोडदळ, चिखल आणि फुगलेल्या नद्या यांनीच काम केले. पुढे २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपुरास होळकरांची फौज शिप्रेकाठी तोफांची रांग लावून उभी राहिली. इंग्रज नदी उतरून आले आणि दिवस हातचा गेला. तोफखाना शौर्याने लढला, हे आपले लेखक आवर्जून सांगतात. वेगावर वाढलेली फौज एका जागी का खिळली, हे कोणी विचारीत नाही. शौर्याच्या वर्णनाने वाचकाचा ऊर भरून येतो, पण पराभवाचे कारण त्याला कळत नाही.

परिशिष्टात शब्दार्थांची यादी जोडून ही उणीव भरून निघणार नाही. शब्दामागील विचार लेखकाला कळला, तरच त्याची पात्रे खऱ्या पेचात सापडतील. महिदपुरानंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि महूची छावणी वसली. भारतीय सेनेचे इन्फन्ट्री स्कूल आज तेथेच आहे. पराभवाने आपल्या दाराशी युद्धशास्त्राची पाठशाळा आणून ठेवली. निदान शब्द तरी आपण नेमके वापरावयास शिकावे.