जीप : कंपनीची आणि पिंपळनेरची

खानदेशात ‘जीप’ हे कोणत्याही कंपनीचे नाव नाही, ते वाहनाच्या एका जातीचे नाव आहे. पिंपळनेरच्या स्टँडबाहेर सीट भरण्यासाठी उभी असलेली कमांडर ही जीप, मार्शल ही जीप, दुसऱ्याच कंपनीची ट्रॅक्स हीसुद्धा जीप. आणि बोलेरोलाही जुनी माणसे जीपच म्हणतात. उलट, जिच्या अंगावर हे नाव कायदेशीर हक्काने कोरलेले आहे आणि जी २०१७ पासून आपल्याच रांजणगावात तयार होते, त्या गाडीला पिंपळनेरात ‘कंपास’ म्हणतात, जीप म्हणत नाहीत. नावाचा मालक एक आणि नाव नांदते दुसऱ्याच घरी, अशी ही स्थिती आहे.

या विसंगतीमुळे मी या विषयाकडे वळलो. जीपबद्दल लिहिले गेलेले मजकूर दोन प्रकारचे आहेत. एक, कंपन्यांचे इतिहास आणि त्यांवर पोसलेले गौरवलेख. दुसरा मजकूर छापलेला नाही. तो जीपमालकांच्या, ड्रायव्हरांच्या आणि मिस्त्रींच्या बोलण्यात आहे. पिंपळनेर, सामोडे, दहिवेल या पट्ट्यात तो मी जमेल तसा ऐकला. या दोन्ही मजकुरांची समीक्षा करणे हा या लेखाचा हेतू आहे. समीक्षा हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण दोन्हींकडे सांगण्यासारखे बरेच आहे आणि दोन्हींकडे झाकलेलेही बरेच आहे.

आधी कंपनीचा मजकूर घेऊ. त्यातली गोष्ट साधारण अशी असते : ओहायो राज्यातल्या टोलेडो गावच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीने दुसऱ्या महायुद्धासाठी एक चिवट छोटी गाडी निर्माण केली, तिने युद्ध जिंकून दिले आणि पुढे ती जगभर शेतकऱ्याची मैत्रीण झाली. ही गोष्ट अर्धी खरी आहे. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या टेहळणी गाडीची मागणी केली आणि नमुना तयार करायला ४९ दिवसांची मुदत दिली. ती मुदत पाळली पेनसिल्व्हेनियातल्या बॅन्टम नावाच्या, जवळजवळ बुडीत निघालेल्या कंपनीने. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने तिचे आराखडे काही दिवसांत काढून दिले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्कराच्या हवाली झाली. लष्कराने ते आराखडे विलीज आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांना पाहू दिले. विलीजकडे बार्नी रूस या मुख्य अभियंत्याने सुधारलेले ६० अश्वशक्तीचे इंजिन होते, ते तिघांत सर्वांत जोरकस ठरले आणि १९४१ मध्ये मोठे कंत्राट विलीजला मिळाले. युद्ध संपेपर्यंत विलीजने सुमारे ३ लाख ६० हजार आणि त्याच आराखड्यावर फोर्डने सुमारे २ लाख ८० हजार गाड्या बांधल्या. बॅन्टमच्या वाट्याला तीन हजारांच्याही आत गाड्या आल्या.

तरीही युद्ध चालू असतानाच विलीजने ‘जीपचे जनक आम्ही’ अशा जाहिराती सुरू केल्या. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्याला हरकत घेतली आणि १९४८ मध्ये, ही गाडी एकट्या विलीजने निर्माण केली असा दावा करायला कंपनीला मनाई केली. पण १९५० मध्ये ‘जीप’ हे नाव मात्र विलीजच्या मालकीचे म्हणून नोंदले गेले. जे नाव सैनिकांनी बोलता बोलता रुळवले, ज्याचा उगम कुणी लष्करी संक्षेपात शोधतो तर कुणी ‘पॉपाय’ या चित्रमालिकेतल्या एका अद्भुत प्राण्यात, ते एका कंपनीची मत्ता बनले. मग ही मत्ता हातोहात फिरली : १९५३ मध्ये कैसर, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्स, १९८७ मध्ये क्रायस्लर, त्यानंतर जर्मनांशी भागीदारी, फियाट आणि २०२१ पासून स्टेलँटिस. कंपनीच्या इतिहासात या साऱ्या प्रवासाला ‘वारसा’ म्हणतात. माझ्या मते तो खरेदीखतांचा इतिहास आहे.

भारतातली कथा याच काळात सुरू होते. २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी स्थापन झाली. जे. सी. आणि के. सी. महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम महंमद हे तिचे भागीदार. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. विलीजच्या जीपचे सुटे भाग पेट्यांतून मुंबईला यायचे आणि माझगावात जोडले जायचे. त्याच १९४८ साली लंडनमधले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी केलेल्या ८० लाख रुपयांच्या जीपखरेदीचे प्रकरण गाजले. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा खरेदी-घोटाळा म्हणून त्याची नोंद होते. १९५५ मध्ये सरकारने ते प्रकरण बंद केले. जीप हा शब्द आपल्या राजकारणात असा आरोपासकटच आला.

अमेरिकन मोटारी मुंबईला नव्या नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच शिवडीला जोडणी-कारखाना काढला होता. पण १९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशीनंतर सरकारने ठरवले की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथेच बनवावे लागतील. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. महिंद्रने परवाना घेऊन भाग इथे बनवण्याचा रस्ता धरला. पिंपळनेरात आज जीप का आहे आणि शेव्हर्ले का नाही, याचे मूळ गाडीच्या गुणांइतकेच या धोरणात आहे. गौरवलेखांत मात्र सगळे श्रेय गाडीच्या ‘चिवटपणा’ला मिळते.

आता न छापलेल्या मजकुराकडे येतो. पिंपळनेरचा भूगोल असा की पूर्वेला साक्री-धुळ्याचा सपाट रस्ता, दक्षिणेला ताहराबाद-सटाण्याची वाट, आणि पश्चिमेला चढत जाणारा आदिवासी पट्टा. चरणमाळचा घाट उतरला की नवापूर. बाजारात कांदा येतो तो या तिन्ही बाजूंनी. अशा गावात गाडीचे मोल तिच्या वेगावर ठरत नाही.

मालकांच्या बोलण्यात मला तीन कसोट्या सतत ऐकू आल्या. पहिली ‘ओढ’. गाडी लोड घेते का, पावसाळ्यात गाळातून निघते का, फोर व्हील लावल्यावर दम टाकते का. दुसरी ‘पाटे’. पाटा तुटला तर दुसरा मिळतो का, बसवता येतो का. तिसरी कसोटी गाडीच्या बाहेरची : मिस्त्री. गावात हात लावणारा माणूस आहे का. कंपनीच्या माहितीपत्रकात या तिसऱ्या कसोटीला जागा नसते, पण पिंपळनेरात निकाल तीच देते.

या तिसऱ्या कसोटीत जीप का उतरली, याचे कारण यंत्रात सापडते. मूळ जीप पेट्रोलवर चालणारी, आणि ती पेट्रोल पिते कशी याबद्दल जुन्या मालकांचे एकमत आहे. भारतात टिकली ती सीजे-थ्री-बी ही उंच बॉनेटची जात. १९५३ मध्ये विलीजने जुन्या सांगाड्यात उंच इंजिन बसवले, म्हणून बॉनेट वर उचलावे लागले. अमेरिकेत तिचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. इथे तिचे वंशज पुढे कित्येक दशके निघत राहिले. सत्तरच्या दशकात महिंद्रने तिच्यात इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन घातले आणि ऐंशीच्या दशकात पेजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्यावरचे. ट्रॅक्टर उघडणाऱ्या मिस्त्रीला ही गाडी परकी वाटली नाही. ‘ट्रॅक्टर येस त्याले जीप येस,’ असे एका गॅरेजात मला अहिराणीत ऐकवले गेले. अमेरिकन आराखडा, इंग्लंड-अमेरिकेच्या ट्रॅक्टरचे इंजिन, मग फ्रेंच इंजिन आणि नाशिकची जोडणी : अशा गाडीला एका देशाची म्हणणे कठीण आहे. मालक तसे म्हणतही नाहीत. ते म्हणतात, ‘हाई गाडी नई, घरना माणूस शे.’

इथे समीक्षकाने थांबायला हवे. ‘घरना माणूस’ हे वाक्य गोड आहे आणि म्हणूनच तपासायला हवे. मालकाचे मत हे मालकाचे असते. ज्याने जीप विकत घेतली, लिलावात सोडवली किंवा वडिलांकडून मिळवली, तो तिच्या उणिवा आठवणीतून गाळतो. ताडपत्रीचे छत, पट्टे नसलेल्या सीटा, मागे समोरासमोर दोन बाकडी, दाराच्या जागी साखळी : या गोष्टी मालक हसत सांगतो. पण त्याच गाडीत मागे दाटीने बसून, काहीजण टपावर आणि काहीजण मागच्या पायरीवर लोंबकळत बाजाराला येत होते, त्यांचे मत कुणी विचारले नाही. नऊ-दहा माणसांच्या गाडीत वीस माणसे कोंबून चरणमाळ उतरणे हा चिवटपणा गाडीचा होता की प्रवाशांचा? एसटी दिवसातून एक-दोनदा येते, म्हणून ज्यांना काळी-पिवळीखेरीज इलाज नव्हता, त्यांच्या नाइलाजाची गणना आपण गाडीच्या लोकप्रियतेत करून टाकली.

पश्चिमेकडच्या पाड्यांवर मी जीपबद्दल विचारले तेव्हा ओढ, पाटे, मिस्त्री यांतले काही आले नाही. वयस्क माणसांच्या आठवणीत जीप म्हणजे खात्याची जीप : जंगलखात्याची, पोलिसांची, महसुलाची. तिचा आवाज घाटाच्या वळणावर आला की जळणाची मोळी बाजूला टाकून आडोशाला जायचे. एका आजीबाईंनी सांगितले की त्यांनी पहिल्यांदा जीपमध्ये पाय ठेवला तो सुनेला बाळंतपणासाठी नेताना, आणि तेव्हाही बसण्याआधी त्यांनी ड्रायव्हरला विचारले, ‘ही सरकारी तर नाही ना?’ ‘घरचा माणूस’ आणि ‘सरकारी गाडी’ ही एकाच यंत्राची दोन रूपे आहेत, आणि त्यांतले दुसरे रूप मालकांच्या मतांत येत नाही.

आपल्या ग्रामीण साहित्याने हे दुसरे रूप पाहिले, पण बाहेरून. कथेत जीप धुरळा उडवीत येते, साहेब उतरतो, किंवा निवडणुकीचा भोंगा वाजतो, आणि जीप निघून जाते. ती सत्तेची खूण म्हणून येते. तिचा क्लच कोण बदलतो, तिच्या हप्त्यासाठी कुणाचे शेत गहाण पडते, तिच्या टपावरून कोण पडतो, हे कथेला फारसे दिसले नाही. बैलगाडीच्या चाकाचे, आरीचे, जुवाचे शब्द आपल्या गद्यात सन्मानाने आले. पाटा, धुरा, टप, सेल, हौदा हे शब्द गॅरेजच्या ओट्यावरच राहिले. खेड्याचे यंत्रयुग लिहायचे राहून गेले, ही माझी आपल्या वाङ्मयाविरुद्धची तक्रार आहे.

या साऱ्या कथेला अलीकडे एक वेगळे वळण मिळाले. महिंद्रने २०१८ मध्ये अमेरिकेतच, मिशिगनमध्ये, रॉक्सर नावाची आडरानात चालवायची गाडी बांधून विकायला काढली. तिचा चेहरा जुन्या परवान्याच्या जीपचा. जीप नावाच्या तेव्हाच्या मालक कंपनीने तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली, आणि जून २०२० मध्ये आयोगाने निर्णय दिला की रॉक्सरचे रूप जीपच्या रूपावरच्या हक्काचा भंग करते. महिंद्रला तिचा चेहरा बदलावा लागला. कायद्याच्या दृष्टीने यात गैर काही नसेल. पण बॅन्टमचा इतिहास ठाऊक असलेल्याला हा दावा विचित्र वाटल्याशिवाय राहत नाही. जे रूप मुळात तीन कंपन्यांच्या आणि लष्कराच्या हातून घडले आणि अमेरिकेत जुने म्हणून टाकून दिल्यावर ज्याला इथल्या कामगारांनी अर्धशतक जगवले, त्यावर अखेरचा हक्क शेवटच्या खरेदीदाराचा ठरला.

म्हणून ‘जीप कुणाची’ या प्रश्नाचे माझे उत्तर कागदाच्या बाजूने नाही, आणि भाबड्या मालकप्रेमाच्या बाजूनेही नाही. वस्तूचा इतिहास लिहायचा तर तिला बनवणारे, बाळगणारे, दुरुस्त करणारे, तिच्यात कोंबले गेलेले आणि तिला पाहून लपलेले या सगळ्यांची जबानी एकाच पानावर यायला हवी. तशी जबानी घेण्याची वेळ आता थोडी उरली आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवून मिळत नाही. त्या भंगारात जातात. खात्याच्या लिलावातून जीप सोडवून आणायची आणि मिस्त्रीच्या हाताने तिला दुसरा जन्म द्यायचा, ही पिंपळनेरसारख्या गावांची जुनी वाट त्यामुळे बंद झाली आहे. धूर आणि अपघात यांचा विचार करता हा नियम मला चुकीचा वाटत नाही. पण गाडीबरोबर तिचे शब्दही भंगारात जातील, त्याची सोय नियमात नाही. नाशिकच्या कारखान्यात किती गाड्या निघाल्या याची नोंद कुठेतरी असणारच. चरणमाळच्या उतारावर ब्रेक तापला की गाडी गिअरमध्ये कशी धरायची, हे ज्यांना हाताने ठाऊक आहे त्यांची नोंद कुठेच नाही. ती घेण्याचे काम मराठीत कुणीतरी लवकर हाती घ्यावे.