सीझरच्या वृत्तांतातील न आलेली नदी

ज्यूलिअस सीझरने इ. स. पूर्व ४९ मध्ये रुबिकॉन ओलांडली व रोममधील यादवीस तोंड फुटले, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याने स्वतः लिहिलेल्या यादवी युद्धाच्या वृत्तांतात त्या नदीचे नावही नाही. तेराव्या सैन्यदलापुढे भाषण होते आणि लगेच आपण अरिमिनमला पोहोचतो! आपल्या प्रांताची सीमा ससैन्य ओलांडणे हा कायद्याने गुन्हा होता. तो क्षण दोन वाक्यांच्या सांध्यात लुप्त झाला आहे. नदीकाठचे नाट्य मिळते ते प्लूटार्क व सुएटोनिअस या उत्तरकालीन चरित्रकारांकडून.

सीझर स्वतःविषयी तृतीय पुरुषी लिहितो, यास तटस्थता म्हणणे मला मान्य नाही. 'मी' म्हणणाऱ्यास जाब विचारता येतो, 'सीझर'ला नाही. प्रतिष्ठा आपणांस प्राणांहून प्रिय, हे पाँपीला पाठविलेल्या निरोपातील उद्गारदेखील त्याने अप्रत्यक्ष कथनातच ठेवले आहेत.