अजिंठ्यातील करुण दृष्टी आणि ‘ब्रेनस्पॉटिंग’

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याचे १६ वे लेणे वाकाटक नृपती हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने पाचव्या शतकात खोदविले. तेथील ‘मरणासन्न राजकन्या’ हे चित्र सर्वश्रुत आहे. पती नंद भिक्षू झाल्याची वार्ता ऐकून खचलेली सुंदरी त्यात रंगविली आहे, असे अभ्यासक मानतात. तिची मान कललेली, पापण्या ढळलेल्या आहेत. भरताने नाट्यशास्त्रात ३६ दृष्टी वर्णिल्या आहेत. त्यांपैकी करुण दृष्टीत वरची पापणी खाली आलेली, बाहुली शोकाने मंदावलेली व नजर नासाग्री लागलेली असते. चित्र व लक्षण यांतील साम्य उघड आहे.

अमेरिकन मानसोपचारज्ञ डेव्हिड ग्रँड यांनी २००३ मध्ये ‘ब्रेनस्पॉटिंग’ ही उपचारपद्धती मांडली. तीत ज्या बिंदूकडे पाहताना आघाताची वेदना शरीरात तीव्रतेने जाणवते, त्याच बिंदूवर रुग्णाची नजर स्थिर ठेवतात. यावरून ही विद्या भरतास अवगत होती असे म्हणण्याचा मोह होईल. तथापि तो टाळावयास हवा. भरताची दृष्टी नटाने प्रेक्षकांसाठी धारण करावयाची असून तिचे फल रसनिष्पत्ती होय. उपचारात प्रेक्षक नाही. नजर दुःखिताची स्वतःची असते व तिचा बिंदू व्यक्तिगणिक निराळा असतो. शिवाय या उपचाराच्या परिणामकारकतेचा पुरावा अद्याप तोकडा आहे. ती उणीव प्राचीनतेच्या दाखल्याने भरून निघत नाही. सुंदरीच्या चित्रावरून शोक कसा दिसतो ते कळते. तो कशाने ओसरतो, हा प्रश्न वेगळ्या शास्त्राचा आहे.