शिरोडकरचे पुढे काय झाले?

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ वाचून परत करताना नववीतल्या एका मुलीने मला विचारले, “सर, शिरोडकरचं पुढं काय झालं?” जालना-भोकरदन रस्त्यावरच्या केदारखेड्यात मी तेव्हा शिकवत होतो. कादंबरी २००४ची. तिच्यावरची बरीच समीक्षा मी वाचली होती, थोडी लिहिलीही होती. आणीबाणीची पार्श्वभूमी, शाळकरी मुलांची बोली, मुकुंद जोशीची तिरकस नजर, यांवर मला तासभर बोलता आले असते. या प्रश्नावर मात्र “लेखकाने ते लिहिलेलं नाही,” एवढेच म्हणालो. उत्तर चुकीचे नव्हते, पण मला ते आजतागायत पुरलेले नाही.

किशोरवयावरच्या कथा-कादंबऱ्यांविषयी लिहिताना ‘निरागसता हरवणे’ हा शब्दप्रयोग आपण फार सैल हाताने वापरतो. सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’ला (१९५१) तो शोभतो. होल्डनला संग्रहालय आवडते, कारण काचेआडच्या वस्तू जागच्या हलत नाहीत. बदलतो तो पाहायला येणारा. या कादंबरीचे आणि ‘कोसला’चे (१९६३) नाते आपल्याकडे पुष्कळ चघळून झाले आहे. मला त्यातला फरक अधिक बोलका वाटतो. होल्डनचा धाकटा भाऊ गेलेला आहे, पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी जाते. पण नेमाड्यांचा नायक जातो अजिंठ्याला. आमच्या भागातल्या शाळांच्या सहली तिथेच जातात. गिलावा पडलेल्या भिंती, चित्रांचे उरलेले तुकडे. काळ थांबवून ठेवल्याचा दिलासा तिथे मिळत नाही. मिळाली तर झिजण्याची सोबत मिळते. जग काचेत ठेवावे, ही इच्छाच पांडुरंगाला परवडणारी नाही.

मुळात मराठीतली ही मुले निरागस असतात का? प्रकाश नारायण संतांचा लंपन घ्या. ‘वनवास’पासून (१९९४) ‘झुंबर’पर्यंत चार पुस्तकांत तो आपल्याला भेटतो. आईवडील, भावंडे एका गावी आणि हा आजी-आजोबांजवळ दुसऱ्या गावी. त्याचे मन ‘मॅड’सारखे वागते, असे तो सांगतो, आणि वाचक त्या शब्दावर भाळतो. मीही भाळलो होतो. पुन्हा वाचताना लक्षात येते की या मुलाला बहुतेक सगळे समजलेले आहे. मोठ्यांच्या आवाजातला बदल, दारापाशी थांबलेले बोलणे, आईच्या निरोपाची घाई हे त्याला दिसते. तो फक्त विचारत नाही. विचारले तर उत्तर मिळेल, आणि मग ते ठाऊक असल्यासारखे वागावे लागेल. संतांचे मोठेपण या न विचारण्यात आहे. गोड शब्दांत नाही. पुढे वडील जातात तेव्हाही लंपनचे पोरपण एकाएकी फुटत नाही. जे आत होते ते उघड्यावर येते, इतकेच. इंदिरा संतांचा हा मुलगा आजोळी दत्तक गेला आणि भालचंद्र गोपाळ दीक्षित या नावाने जगला. चरित्रातून कथा वाचण्याचा मला कंटाळा आहे, पण ‘वनवास’ हे नाव त्यांनी उगाच निवडले नसावे.

लंपनच्या घरात आणि जोशीच्या शाळेत एक गोष्ट सारखी आहे. बदल या मुलांच्या हातून होत नाही. त्यांना तो कळवला जातो. कोणी कुठे राहायचे, गाव कधी सोडायचे, हे मोठ्यांच्या खोलीत ठरते. जोशी नववीत आहे, दहावी समोर उभी आहे. मित्र पांगतात, शिरोडकर गाव सोडून जाते, आणि या कशातच त्याला मत नाही. वर्षभर सगळ्या जगाची टर उडवणारा हा मुलगा शेवटी निरोप ऐकणारा उरतो. त्याची भीती मोठे होण्याची नाही. आपल्याला न विचारता आपण मोठे केले जाऊ, ही ती भीती आहे.

आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) हीच गोष्ट उलटी दिसते. तिथल्या आंद्याला बदल हवा आहे. शाळा सुटेल आणि आपण कायमचे मोटेमागे, जनावरांमागे राहू, याची त्याला धास्ती आहे. ठरवणारा पुन्हा बापच. आणि नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला (२०१३) जब्या डुकरे धरताना आडोसा शोधतो, तो काही कळत नाही म्हणून नव्हे. सगळे कळते म्हणूनच, शालूने आपल्याला पाहू नये म्हणून. ज्यांना बालपणच पुरते मिळाले नाही त्यांच्या बाबतीत ‘निरागसता हरवली’ असे लिहिताना समीक्षकाने जरा थांबावे.

एवढे सगळे मांडून झाल्यावर त्या मुलीचा प्रश्न तसाच राहतो. लंपन, जोशी, आंद्या, जब्या. सुमी, शिरोडकर आणि शालू त्यांना दिसतात, बहुधा थोड्या अंतरावरून. मुलीच्या आतून हे वय लिहिणाऱ्या मराठी कादंबऱ्या माझ्या वाचनात फार थोड्या आहेत. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने (१९३३) एवढी खळबळ केली, पण त्या कथांतल्या स्त्रिया शिकून मोठ्या झालेल्या आहेत. आपल्या कित्येक वाचक मुलींना स्वतःचे किशोरवय सापडले ते शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’त, म्हणजे अमेरिकेतल्या एका घरात. अनुवाद उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण आपले घर कुठे आहे?

हा प्रश्न नुसता वाङ्मयीन राहत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. मराठवाड्यातले काही जिल्हे याच्या बरेच पुढे आहेत. मुलाला बदल कळवला जातो तेव्हा त्याची वर्गमैत्रीण जाते. मुलीला कळवला जातो तेव्हा ती स्वतःच जाते. अशा वाचकाला ‘शाळा’चा शेवट जोशीच्या विरहाचा वाटणार नाही. तिची नजर गाडीत बसलेल्या मुलीकडे राहील. बोकीलांनी शिरोडकरचे पुढचे लिहायला हवे होते, असे मी म्हणत नाही. जोशी सांगणारा आहे. त्याला जेवढे दिसते तिथे कादंबरी थांबते, आणि ते प्रामाणिक आहे. पण आम्ही समीक्षकही तिथेच थांबलो, जोशीच्याच बाकावर बसून. मी स्वतः या कादंबरीवर लिहिले तेव्हा शिरोडकरला तिच्या नावाने एक पूर्ण वाक्यही दिले नव्हते. परवा जुने कात्रण काढून पाहिले.

त्या दिवसांत कापसाची वेचणी सुरू होती आणि वर्गातल्या निम्म्या मुली आलटूनपालटून गैरहजर असत. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीनंतर ती दिसेना, याचे मला आठवडाभर काही वाटले नाही. मग तिच्या बाकावरच्या मुलीला विचारले. ती म्हणाली, “तिच्या घरी पाहुणे येऊन गेले होते ना सर, सुट्टीच्या आधीच.” सुट्टीच्या आधी म्हणजे कधी, हे मी विचारले नाही. ‘शाळा’ तिने परत केली तो सहामाही परीक्षेचा शेवटचा दिवस होता.