सामाईक म्हणजे कोणाकोणाचे? : एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे एक वाचन

१३ ऑक्टोबर २००९. विधानसभेच्या मतदानाचा दिवस. माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान बंद होते. मतदान करून घरी आलो आणि वर्तमानपत्र उघडले. निवडणुकीच्या गर्दीत आतल्या पानावर एक छोटी चौकट होती. अर्थशास्त्राचे नोबेल प्रथमच एका स्त्रीला मिळाले होते, ऑलिव्हर विल्यमसन यांच्याबरोबर विभागून. नाव एलिनॉर ऑस्ट्रॉम. कुरणे, जंगले, मासे, भूजल अशी सामाईक साधने लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात, हे त्यांनी दाखवले, असे बातमीत म्हटले होते. त्या आठवड्यात माझ्या दुकानात नऊ जळक्या सबमर्सिबल मोटारी पडून होत्या. पावसाने ओढ दिलेली, बोअरचे पाणी खाली गेलेले, मोटारी कोरड्या चाललेल्या. ‘लोक सांभाळू शकतात’ हे वाक्य आणि त्या नऊ मोटारी यांचा मेळ मला लागेना. प्रस्तुत लेख त्या न लागलेल्या मेळातून जन्मला आहे.

आधीच सांगतो, मी अर्थशास्त्र कुठल्या महाविद्यालयात शिकलेलो नाही. आयटीआय करून दुकान टाकले. वाचनाची गोडी लागली ती तालुक्याच्या वाचनालयात. ऑस्ट्रॉम यांचे १९९० साली प्रसिद्ध झालेले ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ हे पुस्तक झेरॉक्स प्रतीवरून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला मला सात महिने लागले. त्यामुळे माझ्या वाचनाला तज्ज्ञाचे वजन नाही. पण मोटारी कशाने जळतात हे मला ठाऊक आहे आणि या विषयात ते अगदीच निरुपयोगी नाही.

बंद दारे

ऑस्ट्रॉम यांचा जन्म १९३३ चा, लॉस एंजेलिसचा. मुलीला त्रिकोणमिती कशाला, असे शाळेतच ठरले होते. पदवीनंतर नोकरी शोधताना पहिला प्रश्न आला तो टायपिंग आणि शॉर्टहँडचा. पुढे अर्थशास्त्रात पीएच.डी. करायची म्हटले, तर गणित पुरेसे नाही म्हणून विद्यापीठाने दार लावले. मग त्या राज्यशास्त्राकडे वळल्या. १९६५ साली पती व्हिन्सेंट यांना इंडियाना विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली आणि एलिनॉर यांच्या वाट्याला आले सकाळी साडेसातचे तास. १९७३ साली दोघांनी तिथे एक अभ्यासकेंद्र सुरू केले. त्याला नाव दिले ‘वर्कशॉप’. सुताराच्या शाळेत जसे उस्ताद आणि शिकाऊ एकाच लाकडावर काम करतात तसे संशोधन व्हावे, ही त्यामागची कल्पना. वर्कशॉपवाला म्हणून मला हे नाव फार आवडले.

ज्या विषयाने आत घेतले नाही त्याच विषयाचे सर्वोच्च पारितोषिक त्यांना मिळाले, ही गोष्ट आता भाषणांतून सांगितली जाते. तिच्यातला महत्त्वाचा भाग मात्र सहसा सुटतो. गणिताचे दार बंद झाल्यामुळे त्या प्रत्यक्ष ठिकाणी जाऊन नियम कोण करतो, कोण मोडतो, दंड कोण भरतो हे विचारू लागल्या. त्यांची पद्धत त्या बंद दारातून आली.

कुरणाची शोकांतिका

१९६८ साली गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. सर्वांना खुले असलेले कुरण डोळ्यांसमोर आणा, असे तो सांगतो. जादा गुराचा फायदा एकट्याचा, कुरणाच्या झिजेचा तोटा सगळ्यांचा. म्हणून प्रत्येकजण गुरे वाढवत जाणार आणि कुरण उजाड होणार. यातून धोरणकर्त्यांनी दोनच वाटा काढल्या: सरकारने ताब्यात घ्यावे किंवा तुकडे पाडून खासगी मालकांना द्यावे. हार्डिन यांचे कुरण कल्पनेतले होते. ऑस्ट्रॉम यांनी खऱ्या कुरणांची माहिती गोळा केली. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाची चराई, जपानमधली गावरान जंगले, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे पाट, फिलिपीन्समधल्या पाणीसंस्था. यांतल्या काही व्यवस्था शतकानुशतके टिकल्या होत्या. नेपाळात शंभराहून अधिक सिंचनव्यवस्था तपासल्या, तेव्हा सरकारी पक्क्या बांधकामांपेक्षा शेतकऱ्यांच्या दगडमातीच्या बांधांवर पाण्याची वाटणी बरेचदा सरस दिसली. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना आठ सूत्रे आढळली. हद्द आणि सभासद स्पष्ट असणे, नियम स्थानिक परिस्थितीला धरून असणे, ते ठरवण्यात वापरणाऱ्यांचा वाटा असणे, देखरेख, चढता दंड, तंटा जागेवर मिटवण्याची सोय, सरकारने या अधिकाराला मान्यता देणे, आणि साधन मोठे असेल तर लहानमोठ्या संस्थांची उतरंड. हार्डिन यांनीही पुढे मान्य केले की आपले म्हणणे व्यवस्था नसलेल्या सामाईकापुरतेच आहे.

मराठीत ऑस्ट्रॉम पोचल्या त्या बहुधा एका वाक्यात: सरकार बाजूला व्हावे, गाव आपले पाहून घेईल. माझा पहिला आक्षेप या वाक्याला आहे. ते त्यांचे नाहीच.

समुद्र आत येतो तेव्हा

त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिन या खोऱ्यातले भूजल. विहिरींचा उपसा इतका वाढला की समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत सरकू लागले. ज्याचा पंप जोरदार त्याला पाणी, असा कारभार होता. १९४५ साली प्रकरण कोर्टात गेले. कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञांनी मोजणी केली. १९५२ च्या सुमारास त्यांचा निष्कर्ष आला: उपसा वर्षाला सुमारे ९० हजार एकर-फूट, झेपणारा सुमारे ३० हजार. हा आकडा पाहून पाणी उपसणारे हादरले आणि एकत्र बसले. दोन तृतीयांश कपात कोणालाच परवडणारी नव्हती. त्याहून सौम्य कपात आपसात ठरवली आणि कोर्टाकडून तिच्यावर शिक्कामोर्तब करून घेतले. हॉथॉर्न हे शहर तडजोडीत आले नाही, ते वरच्या कोर्टापर्यंत लढले आणि हरले. कोणी किती उपसले याची नोंद ठेवायला अधिकारी नेमला. १९५९ मध्ये पुनर्भरणासाठी पाणीपट्टी आकारणारी वेगळी संस्था उभी राहिली, किनाऱ्यालगत विहिरींतून गोडे पाणी जमिनीत सोडून खाऱ्या पाण्याला बांध घातला.

यात लोकांचा शहाणपणा आहेच. पण त्याला मोजणी आणि बंधनकारक निकाल यांचा आधार आहे. शेजारी किती उपसतो हे कळल्याशिवाय कोणी आपला पंप बंद करत नाही. याच पुस्तकात ऑस्ट्रॉम यांनी फसलेली उदाहरणेही दिली आहेत आणि त्यांत कॅलिफोर्नियातलेच सॅन बर्नार्डिनो आहे. एकच रामबाण औषध सगळीकडे चालवू नका, असे त्या अखेरपर्यंत बजावत होत्या.

आपल्याकडे जमिनीखालचे पाणी व्यवहारात जमिनीच्या मालकाचे मानले जाते. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा २०१४ साली अमलात आला, पण माझ्या दुकानात येणाऱ्या शेतकऱ्याला शेजाऱ्याच्या बोअरची खोली किती हे आजही अंदाजानेच ठाऊक असते. ज्याची मोटार जळते तो पुढच्या वेळी जादा अश्वशक्तीची मागतो. मी ती देतो. हार्डिन यांच्या कुरणातला एक गुराखी मीही आहे.

फडातला जागल्या

माझा दुसरा आक्षेप खुद्द ऑस्ट्रॉम यांच्यावर आहे आणि तो मी जपून मांडतो.

धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फडपद्धत होती, काही ठिकाणी अजून तग धरून आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात एकच पीक आणि दरवर्षी पिकांची फेरपालट. शेतकऱ्यांची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली, त्यामुळे फायदा-तोटा वाटून जाई. पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे हे पंच ठरवत. पाटकरी पाणी देई, जागल्या पिकाची राखण करी, त्यांचा मोबदला धान्यात. ऑस्ट्रॉम यांच्या पुस्तकातल्या मुख्य उदाहरणांत फड नाही, पण आठही सूत्रे इथे लावून पाहा, बहुतेक चपखल बसतात. मी ती बसवली तेव्हा अभिमानाने छाती भरून आली.

मग आमच्या गावचा जागल्या आठवला. तो भिल्ल समाजाचा होता. रात्रभर इतरांच्या उसाची राखण करी. त्याच्या नावावर फडात एक वाफाही नव्हता. पाण्याच्या बैठकीत तो दाराशी उभा असे, हाक मारली तर बोले. सूत्रांच्या भाषेत तो देखरेख करणारा. सभासद मात्र नाही. हद्द आणि सभासद स्पष्ट हवेत, असे पहिले सूत्र म्हणते. आमची हद्द अगदी स्पष्ट होती.

ही गोष्ट एका फडापुरती नाही. महाडचे चवदार तळे घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. विरोधक कोर्टात गेले ते अनादी वहिवाटीचा आधार घेऊन. म्हणजेच स्थानिक, जुना, गावाने पाळलेला नियम. १९३७ साली उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. सामाईकाची दारे इथे समूहाच्या आतून उघडली नाहीत, बाहेरच्या कायद्याने आणि आतल्या बहिष्कृतांच्या लढ्याने उघडली.

ऑस्ट्रॉम यांना विषमता दिसलीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर लिहिले आहे. पण त्यांचा मुख्य प्रश्न राहिला तो असा: विषमतेमुळे सहकार्य अडते का, व्यवस्था टिकते का? टिकणे हे त्यांचे माप. अन्यायावर उभी असलेली व्यवस्थाही शतके टिकते, हे सांगायला आपल्याला पुस्तक लागत नाही.

सूत्र आधीचे

म्हणून मला पुरंदर तालुक्यातल्या नायगावचा प्रयोग ऑस्ट्रॉम यांच्याशेजारी ठेवून वाचावासा वाटतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरावर न देता घरातल्या माणसांवर दिले: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला कमाल अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस वर्ज्य. इथे पाणी कसे वाटायचे याच्या आधी कोणाला वाटायचे, हे ठरले. हा प्रयोग सगळीकडे पसरला नाही, त्याला जमीनमालकांचा विरोध होता आणि ऊस सोडायची तयारी फार थोड्यांची होती. तरी ऑस्ट्रॉम यांच्या आठ सूत्रांआधी जे सूत्र लिहायला हवे ते तिथे अमलात आले होते.

१२ जून २०१२ रोजी ऑस्ट्रॉम गेल्या. पारितोषिकाच्या रकमेतला आपला वाटा त्यांनी त्यांच्या वर्कशॉपच्या कामासाठी दिला होता. सामाईक साधन म्हणजे लुटीला मोकळे रान, हा समज त्यांनी खोडून काढला, हे त्यांचे ऋण मोठे आहे. त्यांच्यामुळेच मी फडाकडे व्यवस्था म्हणून पाहायला शिकलो आणि तसे पाहिल्यामुळेच दाराशी उभा असलेला जागल्या मला पहिल्यांदा दिसला.

आमच्याकडे आता गावोगाव पाण्याच्या ताळेबंदाची भाषा सुरू झाली आहे. चांगले आहे, मोजणी हवीच. मात्र ताळेबंदाच्या बैठकीत सतरंजीवर कोण बसले आहे आणि दाराशी कोण उभे आहे, याचीही नोंद त्याच वहीत पहिल्या पानावर व्हावी, एवढे माझे म्हणणे आहे.